बाळाच्या मेंदूच्या लहरी

बाळाच्या मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, हाती पडला की आईवडिलांची नजर त्या वेड्यावाकड्या रेषांवर खिळते. पण मोठ्यांच्या मापाने तो वाचायचाच नसतो. जागेपणी डोक्याच्या मागच्या भागातली लय चार महिन्यांच्या बाळात सेकंदाला साधारण 4 लहरींची, वर्षाच्या मुलात 6 आणि तिसऱ्या वर्षी 8 च्या आसपास असते. पेंगुळलेल्या मुलाच्या आलेखात तर अचानक उंच लाटा उठतात. त्या निरोगीच, पण नवखा डॉक्टरही त्यांना फिट समजून फसू शकतो.

मग बिघाड कोणता? इंग्लंडच्या डॉ. वेस्ट यांनी 1841 मध्ये स्वतःच्या तान्ह्या मुलाचे झटके लिहून ठेवले: मान आणि अंग पुन्हापुन्हा पुढे झुकायचे. अशा बाळांच्या आलेखात बहुधा लय उरतच नाही, नुसत्या उंच, विस्कटलेल्या लाटा. घरी मात्र या झटक्यांना पोटदुखी समजून गुटी पाजली जाते, आणि उपचाराचे मोलाचे दिवस जातात. शाळकरी मुलगी बोलता बोलता काही क्षण हरवत असेल, तर आलेखात सेकंदाला 3 टोकदार लहरी दिसू शकतात. तिला ‘लक्ष नाही’ म्हणून रागावू नका.

भोपाळकरांनो, शंका आली तर हमीदिया रुग्णालयाच्या किंवा एम्सच्या बालरोग विभागात दाखवा. तपासणीआधी मुलाचे केस धुवा, तेल लावू नका. आणि झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना जरूर दाखवा.