मागच्या रांगेतून

(बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)

आदरणीय गुरुजन आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी फोन करून मला विषय दिला होता, ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’. मी लगेच हो म्हटलं. नंतर लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की या वाटचालीत चालणं काही फारसं नाही. इंजिनिअर झाल्यापासून चोवीस वर्षं मी खुर्चीत बसून आहे! म्हणून विषय बदलते. गेल्या वर्षीच्या एका रविवारबद्दल बोलते. त्या दिवशी मी सकाळी नाचाच्या वर्गाला गेले आणि दुपारी एक साधा स्वयंपाक केला. एवढंच. पण त्याचा संबंध आपल्या शाळेशी आहे, तो शेवटी सांगेन.

त्याआधी घरची परिस्थिती सांगते. वार्षिक तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात, हालचाल वाढवा. त्याच सुमारास माझ्या सतरा वर्षांच्या मुलीनं वीगन व्हायचं ठरवलं. म्हणजे मांस-अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूप, पनीर आणि मधसुद्धा नाही. मी समजूत घातली, मग वाद घातला, मग वैतागले. मी दह्याची कोशिंबीर करायची आणि ती ताट उचलून खोलीत जायची. सहा-सात महिने आम्ही एका टेबलावर जेवलो नाही. ऑफिसमध्ये पंधरा जणांच्या टीमला एकत्र बसवणारी मी, घरात दोघींना एकत्र बसवू शकत नव्हते.

शेवटी तिनंच तोडगा काढला. म्हणाली, “आई, आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये झुंबा सुरू झालाय. पहिला दिवस फुकट आहे. तू माझ्याबरोबर चल. आणि त्या दिवशी दुपारी तू मला चालेल असा स्वयंपाक कर. एकच दिवस.”

स्वयंपाकाचं मला काही वाटलं नाही. नाचाचं ऐकून पोटात गोळा आला.

रविवारी सकाळी सात वाजता मी हॉलमध्ये अगदी मागच्या कोपऱ्यात, खांबाच्या आडोशाला उभी राहिले. शिकवणारी मुलगी पंचविशीची. गाणी स्पॅनिश, आवाज मोठा. तोंडी सूचना जवळजवळ नाहीतच. ती हातानं दिशा दाखवते आणि आपण तसं वळायचं. सुरुवात मेरेंगेनं झाली. ते सोपं, जागच्या जागी केलेल्या कवायतीसारखं, फक्त कमरेसकट. मग साल्सा आला आणि माझा प्रोग्राम हँग झाला. ती आमच्याकडे तोंड करून उभी राहिली की तिचा डावा पाय आणि माझा उजवा पाय यांचा हिशेब लागेपर्यंत बाकीचे दोन ताल पुढे गेलेले असायचे. सगळे डावीकडे आणि मी एकटी उजवीकडे! समोरच्या भिंतीला मोठा आरसा, त्यामुळे हे सगळं मलाही दिसत होतं.

दहाव्या मिनिटाला मी पाण्याच्या बाटलीचं निमित्त करून दाराकडे निघाले. पळून जायचं पक्कं झालं होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेत नाचणाऱ्या एक आजी, वय सत्तरीच्या आसपास, वळल्या आणि चुकून माझ्या अंगावर आदळल्या. “चुकलं!” म्हणत मोठ्यानं हसल्या आणि पुन्हा नाचायला लागल्या. कुणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी दारातून परत फिरले.

मध्यंतरात शिकवणाऱ्या मुलीनं दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. गुडघे कुरकुरत असतील तर उडी मारायची नाही, नुसता पाय टेकवायचा. ताल तोच राहतो. आणि दम किती लागावा? तर शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. व्यायाम मध्यम जोराचा होतोय हे ओळखायची ही सोपी खूण. मी पळायचे बूट घातले होते, तेही तिनं बदलायला सांगितले. त्यांचे तळवे जमीन घट्ट धरतात, आणि वळताना गुडघ्याला पीळ पडतो.

घरी येऊन, सवयीप्रमाणे, मी या प्रकाराचा इतिहास शोधला. कोलंबियातल्या काली शहरात बेटो पेरेझ नावाचा तरुण एरोबिक्स शिकवायचा. नव्वदच्या दशकात एक दिवस तो वर्गाची कॅसेट घरी विसरला. मग त्यानं स्वतःच्या ऐकायच्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेट लावल्या आणि सुचेल तसा वर्ग घेतला, असं सांगतात. पुढे तो अमेरिकेत गेला आणि २००१ मध्ये दोन भागीदारांबरोबर त्यानं कंपनी काढली. म्हणजे ज्या वर्गात चुकायला मी घाबरत होते, तो वर्गच मुळात एका विसरण्यातून जन्मलेला!

आता दुपारचा स्वयंपाक. तोवर मी वीगन म्हणजे महागडं काहीतरी समजत होते. आदल्या आठवड्यात बदामाचं दूध आणून चहात घातलं, ते फाटलं. सोया पनीर आणून मटार-पनीर केलं, ते दोघींनीही खाल्लं नाही. त्या रविवारी मात्र अंग इतकं दुखत होतं, की प्रयोग करायची ताकदच नव्हती. फ्रिज उघडून उभी राहिले आणि सोलापूरला आईला फोन लावला. विचारलं, “आई, दूध-दही-तूप काही न घालता काय करता येईल गं?”

आई म्हणाली, “त्यात इचारायचं काय? पिठलं-भाकरी कर की. आपल्याकडं तूप कधी असायचं? दिवाळीला.”

मी गप्पच झाले. बाबांच्या चहापुरतं दूध आणि सणाला तूप, यावर आपल्यातल्या कितीतरी जणांची घरं चालली. आपला रोजचा डबा ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा असाच असायचा. त्याला काही नाव नव्हतं. एक फरक मात्र आहे. आपल्याकडे ते नव्हतं म्हणून नव्हतं. माझी मुलगी असूनही सोडते आहे, विचार करून. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिच्या निर्णयाबद्दल आदर वाटला.

पिठलं तुम्हाला सांगायला नको, पण इथले काही पुरुष मित्र अजून शिकायचे आहेत, म्हणून सांगते. वाटीभर बेसन तीन वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं. दोन पळ्या तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची. कांदा मऊ होईपर्यंत परतायचा, हळद-मीठ घालायचं, मग कालवलेलं बेसन ओतून सतत हलवायचं. घट्ट झालं की झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं वाफ. वर कोथिंबीर. बरोबर शेंगाचटणी, ती तर आपल्या गावाचीच. खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली.

पिठलं जमलं. भाकरीनं मात्र इज्जत काढली. वीस वर्षं मी भाकरी विकत आणते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळत्या पाण्यात उकड घेऊन पीठ चांगलं मळावं लागतं, हे डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. पहिली भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. दुसरीला भोक पडलं. मुलगी शेजारी उभी होती. म्हणाली, “दे, मी थापून बघते.” तिची माझ्यापेक्षा वाईट झाली. दोघी हसलो. मग त्याच मोडक्या भाकऱ्या घेऊन आम्ही सात महिन्यांनी एका टेबलावर जेवलो.

मी वीगन झालेले नाही. सकाळचा दुधाचा चहा मला अजून लागतो. पण रविवारचं दुपारचं जेवण आता घरात सगळ्यांचं तिच्या पद्धतीचं असतं. आणि ब जीवनसत्त्वाचा बी-१२ हा प्रकार वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही, म्हणून तिची गोळी सुरू आहे. ती मी चुकू देत नाही. माझी साखर थोडी उतरली आहे. त्याचं श्रेय एकट्या नाचाचं नाही, रात्रीचं चालणं आणि गोड कमी करणंही आहे. साल्सात मी अजूनही उलटीकडे वळते.

आता शाळेचा संबंध. नववीत, १९९४ च्या गॅदरिंगला, आपलं कोळीनृत्य होतं. आठ मुली, चार जोड्या. मी त्यात होते. तालमीत माझी पावलं चुकली, हॉलमध्ये हशा पिकला, आणि कार्यक्रमाला दोन दिवस असताना मी नाव काढून घेतलं. बाईंना सांगितलं, “बाबा नको म्हणतात.” ते खोटं होतं. बाबांनी तर त्या नाचासाठी हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या. जोडी मोडली म्हणून माझ्या जोडीदारणीलाही बसवलं. तिला सगळ्यात छान नाचता यायचं, आणि त्या संध्याकाळी तिनं पडद्याची दोरी ओढली. ती काही बोलली नाही. त्यानंतर चार लोकांत जे मला पहिल्या नंबरानं येणार नाही, ते मी कधी केलंच नाही. लोक त्याला हुशारी म्हणत आले.

बाबा आता नाहीत. त्यांच्या नावावर घातलेलं ते खोटं आज बाईंसमोर परत घेते. आणि माझी जोडीदारीण आज समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाई गं, बत्तीस वर्षं उशीर झाला, पण मला माफ कर. जेवणानंतर गाणी लागणार आहेत असं संयोजक म्हणाले. तुझी तयारी असेल तर मी येते. पावलं चुकणार, हे आधीच सांगून ठेवते. या वेळी मध्येच निघून मात्र जाणार नाही.