उंडेरा गावची मोजणी : लस टोचल्याने शरीरात काय घडते?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या कार्यक्रमात आरोग्यावर एखादे व्याख्यान असावे, अशी आपल्या चिटणिसांची इच्छा होती. विषयाची निवड त्यांनी माझ्यावर सोपविली, तेव्हा मी लस हाच विषय घेण्याचे ठरविले. बडोदेकरांना तो दूर शोधावा लागत नाही. आपल्या शहराच्या वायव्येस उंडेरा नावाचे गाव आहे. रस्त्याने जाताना आपण ते सहज ओलांडून जातो. परंतु लशीचा उपयोग खरोखर किती होतो, हे ज्या थोड्या ठिकाणी प्रथम नीट मोजले गेले, त्यांत या गावाची गणना होते.

तो काळ प्लेगचा होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. हे मूळचे गोव्याचे. पुढील काही दशकांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने वारल्या.

मुंबई सरकारच्या मदतीला ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन आले. रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मेचनिकॉफ यांच्या हाताखाली ते शिकले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९३ पासून ते या देशात ती टोचीत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली. तिची कृती आपल्या गृहिणींना ऐकण्यासारखी आहे. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागतो. गाय आणि डुक्कर येथे चालणार नाहीत, म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस घेतले. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतूंचे धागे, छताला जळमटे लोंबावीत तसे, खाली लोंबू लागत. फ्लास्क हलविला की ते खाली बसत आणि नवे धागे येत. असे पीक भरपूर आले की ते तापवून जंतू मारावयाचे, त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालावयाचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचल्या जागी दुखले आणि मग सारे शमले.

आता मेलेल्या जंतूंनी जिवंत जंतूंपासून रक्षण कसे होते?

पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आजीबाईंना ठाऊक होते. जांघेत, काखेत आणि मानेत ज्या ग्रंथी आहेत, त्या शरीराच्या चौक्या होत. जखमेतून शिरलेला जंतू तेथे अडविला जातो, म्हणून ती सुजते. प्लेगची गाठ ही त्याच चौकीवरील लढाई असते. या ग्रंथींत असंख्य पांढऱ्या पेशी असतात आणि प्रत्येक पेशी एकाच विशिष्ट आकाराचा शत्रू ओळखू शकते. प्लेगच्या जंतूला ओळखणाऱ्या पेशी मुळात अगदी थोड्या. त्यांची गाठ जंतूशी पडली की त्या दुणावू लागतात, एकीच्या दोन, दोहोंच्या चार, आणि त्यांतील काही रक्तात प्रतिपिंडे सोडू लागतात. ही प्रतिपिंडे जंतूला चिकटतात आणि भक्षक पेशींना त्याला गिळणे सोपे जाते. परंतु या तयारीला आठवडा-दोन आठवडे लागतात. उपचार न झालेला प्लेगचा रोगी पुष्कळदा आठवडाभरही काढीत नाही. सैन्य गोळा होण्यापूर्वीच गड पडतो.

लस ही शर्यत उलटविते. मेलेला जंतू रोग करू शकत नाही, पण त्याचा चेहरा तोच असतो. तो पाहून पेशी दुणावतात आणि लढाई न होताच सैन्य तयार होते. काम संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, पण काही स्मृतिपेशी मागे राहतात. पुढे खरा शत्रू आला तर त्यांना पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. टोचल्यावर येणारा बेताचा ताप हा या तयारीचाच गलबला असतो. तो आला नाही म्हणून लस वाया गेली, असे मात्र समजू नये.

तथापि, हे शास्त्र बरोबर असले तरी अमुक लस उपयोगी आहेच, हे त्यावरून सिद्ध होत नाही. लस टोचून एक मनुष्य जगला, तर तो न टोचताही जगला नसता कशावरून? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर उंडेऱ्याने दिले.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील या सुमारे हजार वस्तीच्या गावी हाफकिन गेले. गावकऱ्यांना कुटुंबवार उभे केले गेले आणि प्रत्येक घरातील निम्मे पुरुष, निम्म्या स्त्रिया व निम्मी मुले यांना लस टोचण्यात आली. यातील मर्म ध्यानात घ्या. एकाच छपराखालची, एकाच ताटातले जेवणारी माणसे. उंदीर तेच, पिसवा त्याच, गरिबी-श्रीमंतीही तीच. फरक काय तो लशीचा.

पुढे २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांत लस न टोचलेली माणसे ६४ होती. त्यांतील २७ आजारी पडली आणि २६ दगावली. लस टोचलेली माणसे ७१ होती; त्यांतील ८ आजारी पडली आणि ३ दगावली. म्हणजे एकीकडे शंभरात सुमारे चाळीस मृत्यू, तर दुसरीकडे चार.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. लस टोचूनही तीन माणसे गेली, हे लपविलेले नाही. पुढेही असे आढळले की ही लस गाठीच्या प्लेगवर बऱ्यापैकी चाले, फुप्फुसाच्या प्लेगवर फारशी चालत नसे आणि तिचे रक्षण काही महिनेच टिके. आणि ज्यांना लस मिळाली नाही, त्या घरांचे काय? एका भावाचा हात पुढे झाला आणि दुसऱ्याचा राहिला, एवढ्यावर जन्ममरणाचा निवाडा झाला. आज असा प्रयोग त्या रीतीने कोणालाही करता येत नाही. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा, त्याला सारे समजावून त्याची संमती घ्यावी लागते, नीतिविषयक समितीची मान्यता लागते आणि लाभ स्पष्ट दिसू लागला तर प्रयोग मध्येच थांबविता येतो. तरीही टोचलेले आणि न टोचलेले यांची तुलना हा लशीच्या संशोधनाचा कणा तोच राहिला आहे. त्या सव्वीस माणसांचे ऋण आपल्यावर आहे, असे मी मानतो.

खरे मोजमाप जसे लशीला बळ देते, तसे एका क्षणाचे दुर्लक्ष तिचे नाव घालविते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. वस्तुतः बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे त्यांच्यावरील डाग पुसला. त्यांनी स्थापिलेल्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचेच नाव देण्यात आले.

लोकांच्या विश्वासाचीही एक गोष्ट सांगतो. पुण्यात सोजिरांनी घरे तपासली, माणसे ओढून नेली. त्याचा संताप किती झाला, हे २२ जून १८९७ च्या रँडवधाने दिसले. उलट मुंबईत खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी आपल्या लोकांदेखत स्वतः लस टोचून घेतली आणि त्यामागून त्या समाजाची पुष्कळ माणसे आपण होऊन पुढे आली. बंदुकीने जे झाले नाही, ते आपल्या माणसाने दाखविलेल्या उदाहरणाने झाले.

आज प्लेगवर प्रतिजैविक औषधे आहेत. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची दहशत पसरली तेव्हा मुख्य भिस्त त्यांवरच होती. तरी रोग नाहीसा झालेला नाही. मादागास्कर बेटात २०१७ साली त्याचे दोन हजारांवर रुग्ण आढळले आणि दोनशेवर माणसे मेली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये प्लेगच्या नव्या लशीची पहिली चाचणी ४० निरोगी स्वयंसेवकांवर सुरू केली. तुपाच्या थेंबापासून हे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. पण शरीराला शत्रूचा चेहरा आधी दाखवावयाचा, ही मूळ कल्पना तीच आहे.

शेवटी विश्वस्त मंडळींस एक विनंती. आपली संस्था पुस्तके देते, शिष्यवृत्त्या देते. त्याबरोबर प्रत्येक कुटुंबाच्या लसीकरणाची एक वही ठेवावी. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. पहिल्या डोसाने काही मुलांत पुरती प्रतिकारशक्ती येत नाही, म्हणून दुसरा. आणि नेमका तोच घरोघरी राहून जातो. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते, तिची तर आठवणही कोणास नसते. गोवर इतका वेगाने पसरतो की शंभरात पंचाण्णव मुले सुरक्षित असतील तरच जे तान्हे अजून टोचण्याच्या वयाचे नाही, त्याचेही रक्षण होते. म्हणजे आपल्या मुलाला टोचलेली लस शेजारच्या पाळण्यालाही उपयोगी पडते. यालाच आपण धर्मादाय म्हणतो ना?

कोणावर सक्ती नको. आपल्यातील ज्येष्ठांनी दारी जाऊन विचारावे, शंका असेल ती ऐकून घ्यावी, टोचल्यावर ताप आला तर तोही वहीत लिहावा आणि वर्षअखेरीस खरा आकडा सभेपुढे ठेवावा, कमी असला तरी ठेवावा. उंडेऱ्याने शिकविले ते हेच.