मनाच्या ठेवीचे विश्वस्त
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



न्यासाच्या महोत्सवात आम्हां शिक्षकास बोलावयास उभे केलेत, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. देणग्यांचा आणि कार्याचा हिशेब चिटणीसांनी अहवालात दिलाच आहे. आम्हांला आज एका निराळ्या ठेवीविषयी बोलावयाचे आहे. ही ठेव पैशाची नव्हे. मनुष्य आपले दुःख विश्वासाने दुसऱ्याजवळ बोलून दाखवितो, ती ही ठेव होय.

ताप आला की आपण उघडपणे दवाखान्यात जातो. मनाचे दुखणे मात्र लपवितो. वेडाचा शिक्का बसेल, मुलीचे जमलेले लग्न मोडेल, नोकरी जाईल, अशी भीती वाटते. आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणाऱ्या आपल्यासारख्या समाजात ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणून जो धीर करून मानसोपचारतज्ज्ञापुढे किंवा समुपदेशकापुढे बसतो, तो आपली अब्रूच त्याच्या हाती देतो. तो तज्ज्ञ त्या अब्रूचा मालक नव्हे, विश्वस्त आहे. आपल्या बोलीत यालाच अमानत म्हणतात.

वैद्याने रोग्याचे गुपित राखावे, हा दंडक हिपॉक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक शपथेइतका जुना आहे. आपल्या देशात आता त्याला कायद्याचेही बळ आहे. 1912 च्या जुन्या कायद्याच्या नावातच ‘वेड’ होते. 1987 चा कायदा त्याच्या जागी आला आणि त्याच्याही जागी 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. तो 29 मे 2018 पासून अमलात आहे. त्याचे 23 वे कलम रुग्णास गुप्ततेचा हक्क देते आणि उपचार करणाऱ्या सर्वांस त्या हक्काने बांधून टाकते. 24 व्या कलमाप्रमाणे रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे छायाचित्र वा माहिती वृत्तपत्रादिकांस देता येत नाही. या कायद्याचा भंग करणारास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परंतु गुप्तता म्हणजे आंधळे मौन नव्हे. अमेरिकेतील तारासॉफ खटल्याने हे जगाला शिकविले. 1969 साली कॅलिफोर्निया विद्यापीठात उपचार घेणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने एका तरुणीस ठार मारण्याचा बेत आपल्या तज्ज्ञास सांगितला. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांस कळविले. त्यांनी विद्यार्थ्यास थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिले. त्या तरुणीस किंवा तिच्या आईबापांस कोणीच सावध केले नाही, आणि तिचा खून झाला. आईबाप न्यायालयात गेले. 1976 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ज्याच्या जिवावर बेतणार आहे त्याचे रक्षण करण्यासाठी योग्य ती काळजी घेणे हे तज्ज्ञाचे कर्तव्यच आहे.

आपला 2017 चा कायदाही दुसऱ्यास इजा टाळण्यासाठी, खुद्द रुग्णाचा जीव वाचविण्यासाठी किंवा उच्च न्यायालयासारख्या अधिकाऱ्याच्या हुकुमावरून माहिती देण्याची मुभा देतो, मात्र जरुरीपुरतीच. मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर मौनाला जागाच नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याने असा प्रकार ज्याला कळेल त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. मग तो तज्ज्ञ असो, की आमच्यासारखा शिक्षक असो. प्रामाणिक समुपदेशक या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. बोलणाऱ्याने बोलून झाल्यावर अटी सांगणे हा विश्वासघात होय.

गुपित राखले म्हणजे सारे झाले, असेही नाही. उपचार काय, किती दिवस चालतील, फी किती, हे समजावून संमती घ्यावयास हवी. जे आपल्या विद्येत बसत नाही ते दुसऱ्या जाणकाराकडे सोपवावयास हवे. पुढे बसलेला मनुष्य दुबळ्या क्षणी आलेला असतो. त्याच्याशी उसनवारी, व्यापार, सोयरीक किंवा प्रेमसंबंध जोडणे म्हणजे ठेवीवर हात मारणे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या आचारसंहितेत तर उपचार संपल्यावरही निदान दोन वर्षे असा देहसंबंध निषिद्ध आहे. आपणही डोळे उघडे ठेवावेत. चिकित्सा करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची नोंद 1992 च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मनोविकारतज्ज्ञ डॉक्टराची वैद्यक परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

आता आपल्याकडे वळू. तज्ज्ञाने कितीही तोंड मिटले, तरी आपण त्याचे दार ठोठावीत राहिलो तर काय उपयोग? सासू विचारते, “सूनबाई डॉक्टरांजवळ काय बोलली?” शिक्षक विचारतो, “पोराने माझे नाव घेतले का?” देणगीदार विचारतो, “आमच्या पैशातून कोणाकोणाचे उपचार झाले?” या प्रश्नांना उत्तर न देणारा समुपदेशक उर्मट नव्हे, इमानी आहे. अज्ञान मुलाच्या आईबापांस त्याची काळजी घेण्यास लागेल तेवढे कळावयास हवे, आणि कायदाही ते मानतो. परंतु मुलाचा प्रत्येक शब्द त्यांस कळावा, असा त्याचा अर्थ नाही. न्यासाने एखाद्याची फी भरली, तर फीची पावती न्यासाची. बोललेले शब्द ज्याचे त्याचे.

विश्वस्त मंडळी, परक्याचा पैसा सांभाळणे म्हणजे काय, हे आपणांस शिकवावयाची गरज नाही. दमडीचा हिशेब चुकू नये म्हणून आपण रात्री जागविल्या आहेत. तीच जागरूकता माणसाच्या शब्दाच्या बाबतीत ठेवू या. यादीत नावे छापावयाची नाहीत, ओट्यावर चर्चा करावयाची नाही, चौकशी करणारास नम्रपणे परत पाठवावयाचे, एवढे जरी आपण पाळले, तरी आज घरात कुढत बसलेला एखादा जीव उद्या धीर करून दाराबाहेर पाऊल टाकील.