दवाखान्याच्या कागदावरचे समास

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चवथीच्या दिवसांत आजारपणाचा विषय काढला म्हणून आधी क्षमा मागतो. पण विषय आजारांचा नाही, आजारांच्या नावांचा आहे. ही नावे आपण घाबरून वाचतो किंवा वाचतच नाही. न वाचल्याने काय होते, ते आमच्याच घरातल्या गोष्टीवरून सांगतो.

आमच्या डिचोलीच्या घरी थोरली काकी असते. वय ऐंशीच्या पुढे, मधुमेह जुना. काही वर्षांपूर्वी ती दोन दिवस इस्पितळात राहून आली. घरी सोडताना दिलेल्या कागदावर एक लांब शब्द होता : हायपोग्लायसेमिया. घरात आम्ही सगळी शिकली-सवरलेली माणसे. हे साखरेचे काहीतरी आहे एवढे कळले आणि उरलेले आम्हीच ठरवून टाकले, की साखर वाढली. चवथ तोंडावर आलेली. नेवऱ्या, पातोळ्या, खीर, सगळे काकीच्या पानातून गेले. भात निम्म्यावर आला. गोळ्या मात्र जुन्याच पाकिटातून, जुन्याच मापाने देत राहिलो. गोळी कमी केल्याचे त्याच कागदावर खाली लिहिले होते. तेही आम्ही पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे काकी घामाने भिजलेली, हात थरथरताहेत, बोलण्याला धरबंध नाही. शेजारी एक परिचारिका राहते, ती धावत आली. तिने कागदावर नजर टाकली आणि म्हणाली, "साखर आणा आधी." काकी शुद्धीवर होती, तिला गिळता येत होते, म्हणून साखरेचे पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत ती नीट बोलू लागली. मग त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून आणले.

कागदात चूक नव्हती, अक्षरही स्वच्छ होते. चूक आमच्या वाचण्यात होती. 'हायपो' म्हणजे कमी आणि 'हायपर' म्हणजे जास्त. त्या एका अक्षराच्या फरकावर काकीचा जीव टांगलेला होता. त्या दिवसापासून आम्ही हे शब्द फोडून वाचायला शिकलो. जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

मंडळी, शब्द फोडणे आपल्याला नवीन नाही. समोर बाप्पा बसले आहेत. लंबोदर म्हणजे लंब अधिक उदर. गजानन म्हणजे गज अधिक आनन. एकदंत, वक्रतुंड, शूर्पकर्ण, सगळे समासच. घरातले लहान पोरही ही नावे अडखळल्याविना म्हणते. वैद्यकातले शब्द याच जातीचे आहेत. फरक इतकाच, की त्यांचे तुकडे बहुतेक ग्रीक आणि लॅटिन भाषांतले आहेत.

वाचण्याची रीत सोपी आहे. शब्दाचा शेवट आधी पाहावा. काय झाले आहे किंवा काय करायचे आहे, ते शेवट सांगतो. मधला तुकडा शरीराचा भाग सांगतो. पुढे काही जोडलेले असेल तर ते कमी-जास्त, आत-बाहेर असे काही सांगते.

शेवटी 'आयटिस' आले की दाह, म्हणजे सूज. 'हेपॅट' म्हणजे यकृत, म्हणून हेपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. 'आर्थ्र' म्हणजे सांधा, म्हणून आर्थ्रायटिस हा सांध्याचा दाह. शेवटी 'एमिया' आले की गोष्ट रक्ताची, 'युरिया' आले की लघवीची. 'ग्रॅम' म्हणजे नोंद : इलेक्ट्रो-कार्डिओ-ग्रॅम, म्हणजे वीज, हृदय, नोंद. 'स्कोपी' म्हणजे आत पाहणे. पावसाळ्यात आपण 'गॅस्ट्रोची साथ' म्हणतो तो शब्द तर अर्धाच आहे. पुरा शब्द गॅस्ट्रो-एंटर-आयटिस, म्हणजे जठर, आतडे आणि दाह. 'गॅस्ट्रो' म्हणजे नुसते पोट.

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करताना तर शेवट वाचायलाच हवा. गॅस्ट्रॉटॉमी, गॅस्ट्रेक्टॉमी आणि गॅस्ट्रॉस्टॉमी हे तीन शब्द कानाला सारखे लागतात. पहिल्यात जठर कापून उघडतात. दुसऱ्यात जठराचा भाग किंवा सगळे जठर कापून काढून टाकतात. तिसऱ्यात जठराला बाहेरून तोंड करून देतात, नळीने अन्न घालण्यासाठी. माणसाचे पुढचे आयुष्य तिन्हींत वेगवेगळे.

आता गंमत अशी, की हे तुकडे आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. 'हायपो' हा आपल्या 'उप' या उपसर्गाचा भाऊ. आणि 'हायपर' म्हणजे संस्कृतातले 'उपरि', ज्यातून आपला मराठी 'वर' आला. आमचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही समोर बसले आहेत. उपाध्यक्ष एक पायरी खाली, एवढे लक्षात ठेवले तर हायपो आणि हायपर यांची गल्लत पुन्हा होणार नाही.

'परि' म्हणजे भोवती, आणि ग्रीकमध्येही 'पेरि' म्हणजे भोवती. म्हणून हृदयाभोवतीचे आवरण ते पेरिकार्डियम. अस्थी आणि ऑस्टिओ एकाच मुळाचे. आंत्र आणि एंटर तसेच. यकृत आणि हेपॅट हे शब्दही मुळात एकच होते, जरी आज ऐकताना पटत नाही. नकाराचा 'अ' तर हुबेहूब आपलाच. पुढे स्वर आला की आपण 'अन्' करतो, जसे अन्-इच्छा, अन्-आवश्यक. ग्रीकही तेच करतात : ॲन-एमिया. आणि काही ठिकाणी शब्द वेगळे असले तरी विचार एकच. मायग्रेन हा शब्द 'हेमिक्रानिया' या ग्रीक शब्दातून झिजत आला. हेमि म्हणजे अर्धे आणि क्रानिया म्हणजे कवटी. आपली आजी त्याला अर्धशिशी म्हणायची. मधुमेहात मध आहे, तसा डायबेटिस मेलिटसमधल्या मेलिटसमध्येही मधच आहे.

संस्कृत आणि पाश्चात्त्य वैद्यक या दोन्ही वाटा चालणारा माणूस आपल्या पेडण्याने दिलेला आहे. डॉक्टर भाऊ दाजी लाड मूळचे मांद्र्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात ते होते. कुष्ठरोगावरच्या औषधाचा शोध आणि जुन्या शिलालेखांचे वाचन ही दोन्ही कामे त्यांनी केली. मराठी घरातल्या माणसाला ही शब्दविद्या अवघड जावी असे काही नाही.

गोव्यात या शब्दांची आणखी एक गंमत आहे. पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ सालचे. तिथले शिक्षण पोर्तुगीजमधून. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या शेवटी-शेवटी गेले. घरात, देवळात आणि शाळेत मराठी टिकली, पण डॉक्टरचा कागद पोर्तुगीजच राहिला. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६३ साली त्या विद्यालयाचे गोवा मेडिकल कॉलेज झाले, आणि कागद इंग्रजी झाला. आमच्या जुन्या पेटीत आजोबांचा एक कागद आहे, त्यावर पोर्तुगीजमध्ये 'एपातीत' लिहिले आहे. नातवाच्या कागदावर इंग्रजीत 'हेपॅटायटिस'. भाषा बदलली, राज्य बदलले, पण शब्दाचे तुकडे तेच. आजोबांना तो कागद कुणी फोडून सांगितला नाही. नातवालाही सांगितला नाही, तर मुक्ती अर्धीच झाली म्हणायची.

फोड चुकली की काय होते, याचाही एक नमुना गोव्याचाच आहे. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात त्याने पटकीसारख्या रोगाचे इथले नाव नोंदले आहे. ते नाव म्हणजे आपली मोडशी, 'मोडणे' या क्रियापदातली. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे 'मोर्दशीं' झाले. पुढे फ्रेंचांनी ऐकले आणि आपल्या भाषेत त्याची फोड केली : 'मॉर द शियँ', म्हणजे कुत्र्याचे मरण! मूळ शब्दात कुत्रा नव्हता आणि मरणही नव्हते.

म्हणून एक इशारा. तुकडे कळले म्हणजे आजार कळला असे नाही. हायपरटेन्शन हा शब्द घ्या. पुष्कळ जण म्हणतात, "मला कसलेच टेन्शन नाही, मग हायपरटेन्शन कसे?" आणि गोळी बंद करतात. इथले टेन्शन मनातले नव्हे, रक्तवाहिन्यांतला रक्ताचा दाब आहे. माणूस शांत असला तरी दाब वाढलेला असू शकतो. शेवटी 'ओमा' दिसले की घरात रडारड होते. पण लिपोमा ही बहुधा निरुपद्रवी चरबीची गाठ असते, आणि हिमॅटोमा म्हणजे साकळलेले रक्त. मलेरिया या नावाचा अर्थ तर 'वाईट हवा'. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात त्याचे जंतू दाखवले, तरी नाव जुनेच राहिले. आपला 'हिवताप' त्यापेक्षा खरा. तो निदान हुडहुडी आणि ताप एवढेच सांगतो.

शब्द फोडायचा तो स्वतः डॉक्टर होण्यासाठी नव्हे, डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावा म्हणून. "साखर कमी झाली होती की जास्त?" हा एक प्रश्न आम्ही त्या दिवशी इस्पितळातून निघताना विचारला असता, तर काकीची ती पहाट टळली असती.

जाता जाता एवढेच मागतो. घरी मधुमेहाचे माणूस असेल तर रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे म्हणजे हायपो, हे स्वयंपाकघरातल्या भिंतीवर मराठीत लिहून ठेवा. माणूस शुद्धीवर असेल तर साखर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ला फोन करा. आणि इस्पितळाचा कागद घरी आला की घरातल्या शिकत्या मुलाला हाक मारा, दोघे मिळून शब्दाचा शेवट शोधा, आणि न कळलेले तुकडे डॉक्टरांसाठी लिहून ठेवा.

यंदाच्या चवथीला काकीने दोन नेवऱ्या खाल्ल्या, डॉक्टरांना विचारून. माटोळीखाली बसून तिनेच आम्हाला विचारले, "तुमचा तो हायपो की हायपर, कुठला रे खालचा?" आम्ही सांगायच्या आधी नातीने उत्तर दिले.

गणपती बाप्पा मोरया!