लढाई न मिळालेलं जहाज



आलापल्लीचं सागवान आपण लहानपणापासून पाहिलं. आज मलबारच्या सागवानाची गोष्ट सांगते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी त्यातून ‘त्रिंकोमाली’ ही शिडाची युद्धनौका बांधली. १८१७ साली ती पाण्यात उतरली, तेव्हा नेपोलियनची युद्धं संपली होती. मोठी लढाई तिच्या वाट्याला आलीच नाही. १८६० पासून तिच्यावर राखीव नौसैनिक शिकले. पुढे, १९८६ पर्यंत, मुलंमुली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवली आहे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं काम दहा वर्षांत मोडीत निघतं. सर, बाई, तुमच्या नावावरही कुठली लढाई नाही. पण तुम्ही शिकवलेली मुलं आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांतून शिकवताहेत. शांततेतली सेवाच जास्त टिकते.