रुग्णालयाचे शिल्पकार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मॅट्रिकपर्यंत शिकून ज्याने सारी हयात शाळेत घालविली, त्याने वास्तुकलेवर बोलावे, हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु मुले पारखणे हा आमचा जन्माचा व्यवसाय. त्याच अधिकाराने आम्ही उभे आहोत.

मूल हुशार निघाले की डॉक्टर, नाही तर इंजिनिअर. तिसरी वाट आपल्या घरांत सुचतच नाही. ज्याला चित्रकला व गणित यांची सारखीच गोडी आहे, ज्याच्या ठायी रुग्णसेवेची ओढ आहे, पण रक्त पाहताच ज्याला भोवळ येते, अशा मुलाने वा मुलीने काय करावे? त्यांनी रुग्णालये बांधावीत, असे आमचे उत्तर आहे.

रुग्णालय म्हणजे खाटा मांडलेली धर्मशाळा नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली रुग्णालयांविषयी ग्रंथ लिहून खेळती हवा व उजेड यांचा आग्रह धरला. अमेरिकेतील रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या नोंदी ताडून दाखविले, की ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. हातगुण केवळ वैद्यालाच असतो असे नाही. तो वास्तूलाही असतो.

यातील बारकावे पाहा. शस्त्रक्रियागृहात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक राखतात, म्हणजे बाहेरची दूषित हवा आत शिरत नाही. क्षयरोग्याच्या खोलीत तो उलट कमी ठेवतात, म्हणजे आतली हवा बाहेर पसरत नाही. रोग्याच्या न्हाणीघराचे दार बाहेर उघडावे; कारण तो आत कोसळला, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० अर्भके दगावली. ज्याला स्वतःच्या पायांनी पळता येत नाही, त्याला धुरातून बाहेर काढण्याची वाट नकाशावरच आखलेली असली पाहिजे. या विद्येचे मोल याहून अधिक काय सांगावे?

बारावीस गणित व पदार्थविज्ञान घेऊन, प्रवेशपरीक्षा देऊन, ५ वर्षांची वास्तुकलेची पदवी मिळवावी लागते. नंतर १९७२ च्या कायद्यान्वये नोंदणी, आणि पुढे जाणत्यांच्या हाताखाली रुग्णालयाच्या कामाची उमेदवारी. वाट लांबची आहे. कमाईची घाई असलेल्याने तिकडे वळू नये.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या दानाने मुंबईत १८४५ साली रुग्णालय उभे राहिले; त्यांच्याच नावाच्या संस्थेत त्या नगरीत वास्तुकलाही शिकविली जाते. रुग्णसेवा आणि वास्तुकला एका दात्याच्या नावाने जोडल्या गेल्या, हे आपणही ध्यानी घ्यावे. मंडळाचा विद्यार्थी साहाय्यनिधी आज केवळ वैद्यक व अभियांत्रिकी यांपुरताच आहे. त्यात वास्तुकलेची एक शिष्यवृत्ती घालावी, अशी आमची कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. पाचही वर्षांची हमी मात्र असावी. मध्येच आटणारा आधार गरिबाच्या मुलाला अर्ध्या वाटेवर सोडतो. आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति वाटा आम्ही आजच कोषाध्यक्षांकडे देत आहोत.