बालकांचा श्वास आणि समाजाचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यान)



जैन तत्त्वज्ञानात जीवाचे दहा प्राण सांगितले आहेत. पाच इंद्रिये, मन-वचन-काया ही तीन बळे, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. सहा पर्याप्तींमध्येही श्वासोच्छ्वासाला चौथे स्थान आहे. पाठशाळेतील बालकेही ही गणना पाठ म्हणून दाखवतात. परंतु ज्या घरात नवजात बाळ जन्मतःच रडत नाही, त्या घराला या एका प्राणाचे मोल खऱ्या अर्थाने कळते.

गर्भात असताना बाळाची फुफ्फुसे द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू मातेकडून नाळेवाटे मिळतो. जन्म होताच काही क्षणांत हा द्रव बाजूला सरून हवा आत शिरावी लागते. बहुतेक बाळे हे कार्य रडतरडत स्वतःच पार पाडतात. मात्र दहांपैकी सुमारे एका बाळाला थोडे साहाय्य लागते. कोरडे पुसणे, ऊब देणे, पाठ चोळणे इतक्यानेही अनेक बाळे श्वास घेऊ लागतात. उरलेल्यांना पिशवी व मास्कच्या साहाय्याने हवा द्यावी लागते. जन्मानंतरच्या पहिल्या ६० सेकंदांना वैद्यकशास्त्र ‘सुवर्ण मिनिट’ म्हणते. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाला ५० वर्षे लागतात. बाळाच्या वाट्याला मात्र सुवर्णाचे एकच मिनिट येते.

अकाली जन्मलेल्या बाळांची अडचण निराळी असते. फुफ्फुसातील सूक्ष्म हवापिशव्या उघड्या ठेवणारा एक स्निग्ध पदार्थ त्यांच्यात पुरेसा तयार झालेला नसतो. अमेरिकेतील डॉ. मेरी एलेन एव्हरी व त्यांचे सहकारी यांनी १९५९ मध्ये हे कारण दाखवून दिले. परंतु उपचार हाती येण्यास काळ लागला. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच विकाराने दोन दिवसांत गेला. जगातील सर्वांत बलाढ्य पदावरील पित्याचे ऐश्वर्यही तेथे उपयोगी पडले नाही. आज मातेला प्रसूतीपूर्वी देण्याचे स्टिरॉइडचे इंजेक्शन, बाळाच्या फुफ्फुसात सोडण्याचे सर्फॅक्टंट औषध आणि श्वासास आधार देणारी सीपॅप यंत्रणा उपलब्ध आहे. त्यामुळे अशी असंख्य बाळे वाचतात. अट एकच, माता वेळेवर योग्य रुग्णालयात पोहोचली पाहिजे.

पैसा आणि मोठी यंत्रे नसतील तर काहीच होत नाही, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. महाराष्ट्राच्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तो खोटा ठरविला. गावातील अल्पशिक्षित कार्यकर्ते आणि सुईणी यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखण्याचे व गोळ्या-औषध देण्याचे शिक्षण दिले गेले. अंक मोजण्याची सवय नसलेल्यांसाठी मणी आणि एक मिनिटाची वाळूची घडी असलेला श्वासगणक तयार झाला. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे आले. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला नळी-मास्क व पिशवी-मास्कने श्वास देण्याचे कौशल्यही या स्त्रियांनी आत्मसात केले. आज देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी भेट देतात, त्या योजनेचा पाया या अनुभवावर रचला गेला.

आता आपल्या मराठवाड्याकडे पाहू. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, वृत्तपत्रांत चर्चा झाली. दोष कोणाचा, हे ठरविण्याचे हे व्यासपीठ नव्हे. परंतु किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातून असो वा उदगीर-अहमदपूरच्या वस्त्यांतून, अत्यवस्थ बाळ घेऊन शेवटच्या घटकेला निघालेल्या माता-पित्याची अवस्था प्रत्येकाने मनात आणावी.

घरातील काही प्रथांचाही विचार व्हावयास हवा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून ओवा-वावडिंगाची धुरी देणे, बाळाच्या नाका-कानांत तेल सोडणे, जन्मताच न्हाऊ घालणे हे सारे वडीलधाऱ्यांच्या मायेतूनच चालत आले. परंतु धुराने कोवळ्या श्वासनलिकांना सूज येते, नाकात सोडलेले तेल फुफ्फुसात उतरू शकते आणि पहिल्या २४ तासांतील स्नानाने बाळ गार पडते. जयणा पाळणाऱ्या घराने बाळाच्या खोलीत धूर करू नये. उदबत्ती, कापूर, मच्छर अगरबत्ती यांनाही तोच नियम लागू आहे. मातेच्या अंगाशी बाळ धरण्याची ऊब शेगडीपेक्षा श्रेष्ठ आहे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान हे न्यूमोनियापासूनही रक्षण करते.

‘डबा झाला’ म्हणून बाळाला अंगारा लावण्यात किंवा बिब्ब्याचा चटका देण्यात अमूल्य वेळ दवडला जातो. त्याऐवजी बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास भरल्यास विनाविलंब डॉक्टर गाठावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर असतील, बाळ अंगावर पीत नसेल किंवा कण्हत असेल, तर श्वास मोजत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्धची पीसीव्ही लस २०२१ पासून राज्यात शासकीय केंद्रांवर विनामूल्य मिळते. सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात ती द्यावयाची असते.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी औषधदान व अभयदान येथे एकत्र येतात. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. पहिली, स्वाध्यायाच्या सभेत महिला मंडळासाठी श्वास मोजण्याचे प्रत्यक्ष शिक्षण, बालरोगतज्ज्ञांच्या उपस्थितीत. दुसरी, आशाताई व परिचारिका यांच्या प्रशिक्षणास आणि साधनांस साहाय्य, मात्र कोणते साधन हवे ते रुग्णालयाला विचारूनच. देणाऱ्याच्या नावाची पाटी लागलेले पण दुरुस्तीअभावी बंद पडलेले यंत्र कोणालाही श्वास देत नाही. म्हणून देणगीबरोबर देखभालीची तरतूदही असावी. तिसरी, दूरच्या गावांतून आलेल्या मातांच्या नातेवाइकांसाठी रुग्णालयाजवळ निवास व सात्त्विक भोजनाची सोय.

यांत जात-पंथ पाहू नये. जीवदयेच्या भावनेने पांजरपोळ चालविणाऱ्या, पाखरांसाठी पाणी ठेवणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. विश्वस्त मंडळाने येत्या सर्वसाधारण सभेत या तीन गोष्टींचा विचार करावा, ही नम्र विनंती. काही अधिक-उणे बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!